जिओकॅशिंगसाठी स्वस्तातला हँडहेल्ड जीपीएस : निवडीपासून पहिल्या डब्यापर्यंत

हँडहेल्ड जीपीएस घेताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी किंमत पाहून यंत्र मागवायचं, ते घरी आल्यावर डब्यांची माहिती त्यात कशी भरायची ते शोधत बसायचं, आणि शनिवारी सकाळी निघताना लक्षात यायचं की सेल आणले नाहीत, केबल बसत नाही आणि नकाशा कोरा आहे. मग दोष यंत्राला. (जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेली वस्तू, म्हणजे जिओकॅश, अक्षांश-रेखांशावरून शोधून काढण्याचा खेळ. या जिओकॅशला या लेखात सोयीसाठी ‘डबा’ म्हटलं आहे.)

महाग यंत्र डब्याच्या जास्त जवळ नेतं, हा समज आधी बाजूला ठेवा. मोकळ्या आकाशाखाली दीडशे डॉलरचं यंत्र काय आणि चारशे डॉलरचं काय, दोन्ही साधारण ३ ते ५ मीटरच्या फरकाने जागा दाखवतात. शिवाय डबा लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक त्या अक्षांश-रेखांशात आधीच मिसळलेली असते. जास्तीचे पैसे जातात ते मोठी स्क्रीन, नकाशे, होकायंत्र आणि माहिती भरण्याची सोय यांसाठी. त्यातली कोणती सोय आपल्याला खरंच लागणार, एवढंच ठरवायचं आहे.

हा खेळ आणि त्याच्या यंत्रांचा बाजार मुख्यतः अमेरिका-युरोपातला. त्यामुळे किमती अमेरिकेतल्या दिल्या आहेत, त्याही यंत्र बाजारात आलं तेव्हाच्या. आज त्याहून कमीत मिळालं पाहिजे. भारतात यंत्र आणणाऱ्यांसाठी टप्पा ५ मध्ये वेगळी सूचना आहे, ती चुकवू नका.

## टप्पा १ : यंत्र लागणारच आहे का, हे फोनवर ठरवा

खिशात हात घालण्याआधी चार-पाच डबे फोनवर शोधा. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाचं अधिकृत अ‍ॅप चालेल. अँड्रॉइड असेल तर सी:जिओ हे फुकट अ‍ॅपही चांगलं आहे. अधिकृत अ‍ॅपमध्ये कठीण डबे पैसे भरलेल्या सदस्यांनाच उघडतात, पण त्यातले बरेच वेबसाइटवर फुकट सदस्यालाही दिसतात, हे लक्षात ठेवा. मोकळ्यावर फोनची अचूकता ५ मीटरच्या आसपास असते, म्हणजे हँडहेल्डच्या फार मागे नाही.

शोधताना अडचण नेमकी कुठे आली ते लिहून काढा. दुपारपर्यंत बॅटरी संपली? उन्हात स्क्रीन दिसली नाही? पावसात बोटाला स्क्रीन दाद देईना? खडकावर फोन आपटायची भीती वाटली? यातल्या दोन गोष्टी तरी वारंवार होत असतील तर हँडहेल्ड घ्या. फक्त शहरातल्या बागा आणि पुलांजवळचे डबे शोधायचे असतील तर पैसे वाचवा.

‘तिथे रेंज नसते, म्हणून जीपीएस लागतो’ हे कारण मात्र यादीत धरू नका. फोनचा जीपीएस रेंजविना, विमान मोडमध्येही चालतो. अडतो तो नकाशा. तो आणि डब्यांची यादी घरूनच उतरवून घेतली की प्रश्न मिटतो.

तपासा: अडचणींची यादी हाताशी ठेवा. टप्पा ४ मध्ये तिच्याबाहेरच्या सोयीवर पैसे घालायचे नाहीत.

## टप्पा २ : यंत्राची नव्हे, सगळ्या खर्चाची बेरीज करा

ठरवलेल्या रकमेतला साधारण चौथा हिस्सा यंत्राबाहेरच्या गोष्टींसाठी बाजूला काढा. त्यात येतात:

१. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल (एए आकाराचे). दोन यंत्रात, दोन खिशात.
२. सेल वेगवेगळे चार्ज करणारा चार्जर. जोडीनेच चार्ज करणारे स्वस्त चार्जर एक सेल कमकुवत झाला की दोन्हींची वाट लावतात.
३. डेटा केबल.
४. यंत्रात खाच असेल तर छोटं मायक्रोएसडी कार्ड. ८ किंवा १६ जीबी पुरे.
५. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी, भरणार असाल तर. हा खर्च दरवर्षीचा आहे.

सेल निकेल-मेटल हायड्राइड जातीचे आणि ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ असलेले घ्या. एनेलूपसारखे साधारण २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल महिनोन् महिने कपाटात राहिले तरी भरलेले राहतात. वेष्टनावर २७०० किंवा २८०० असा मोठा आकडा छापलेले बरेच सेल मात्र पडून राहिले की रिकामे होतात, आणि दर शनिवारी न जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. कडाक्याच्या थंडीत जाणार असाल तर एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेल सोबत ठेवा.

आतच बॅटरी बसवलेलं यंत्र कमी पैशात घेऊ नये, असं माझं मत आहे. नवं असताना ते छान वाटतं. पाच-सहा वर्षांनी बॅटरी बसली की ती बदलायचा खर्च यंत्राच्या किमतीला भिडतो. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो.

## टप्पा ३ : डब्यांची माहिती आत कशी जाणार, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. यंत्राला तुमच्या डब्यांबद्दल काहीच ठाऊक नसतं. ते तुम्ही भरायचं. त्याचे तीन मार्ग आहेत आणि यंत्राची निवड यावरच ठरते.

पहिला, हाताने टंकणं. अक्षांश-रेखांश वाचायचे आणि बटणांनी भरायचे. कोणत्याही यंत्रात चालतं, अगदी वीस वर्षं जुन्यातही. एका फेरीत पाच डबे असतील तर ठीक, पन्नास असतील तर शिक्षा. वर्णन आणि सूचना वेगळ्या कागदावर किंवा फोनवर न्यायच्या.

दुसरा, केबलने फाइल टाकणं. जीपीएक्स फाइल (डब्यांची माहिती असलेली) यंत्रातल्या ‘गार्मिन’ (या लेखातली यंत्रं बनवणारी कंपनी) फोल्डरच्या आत ‘जीपीएक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, झालं. यंत्र ‘पेपरलेस’ जातीचं असेल तर डब्याचं वर्णन, काठिण्य, सूचना आणि अलीकडच्या नोंदी स्क्रीनवर वाचता येतात. लॅपटॉप नसेल तर ओटीजी जोडणीने (फोनला यूएसबी यंत्र जोडणाऱ्या छोट्या केबलने) अँड्रॉइड फोनवरूनही अनेक यंत्रांत फाइल टाकता येते. ही युक्ती फार थोडे जण वापरतात.

तिसरा, फोनवरून ब्लूटूथने. गार्मिनच्या अलीकडच्या यंत्रांत हे आहे. सोय मोठी, पण फोन आणि अ‍ॅप दोन्ही सांभाळावे लागतात.

फाइलचा प्रकारही बघा. एलओसी फाइलमध्ये डब्याचं नाव, जागा आणि जुजबी माहिती एवढंच असतं. वर्णन, सूचना आणि नोंदी जीपीएक्समध्ये असतात. मुख्य संकेतस्थळावर पूर्ण जीपीएक्स आणि एका वेळी १००० डब्यांपर्यंतची यादी देणारी ‘पॉकेट क्वेरी’ फक्त वर्गणीदारांना मिळते. म्हणजे वर्गणी भरायची नसेल तर पेपरलेस यंत्राचा अर्धा फायदा हातचा गेला. जर्मनी, पोलंड, अमेरिका इथल्या ओपनकॅशिंग या पर्यायी संकेतस्थळांवर जीपीएक्स फुकट मिळते, मात्र सगळीकडे तिथले डबे भरपूर नसतात. आपल्या भागात किती आहेत ते आधी पाहा.

सावधान: घरात पडलेली मिनी-यूएसबी किंवा मायक्रो-यूएसबी केबल ‘बसते’ म्हणून डेटा नेईलच असं नाही. कित्येक केबल्समध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात. यंत्र चालू होतं, पण संगणकावर ड्राइव्ह दिसत नाही, आणि माणूस यंत्र बिघडलं म्हणून परत करतो. आधी दुसरी केबल लावून पाहा.

## टप्पा ४ : कशाला पैसे द्यायचे, कशाला नाही

यादीत पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: जास्त संवेदनशील रिसीव्हर, पेन्सिल सेल, आयपीएक्स ७ दर्जा (म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरणारं), तुमच्या टप्पा ३ च्या मार्गाला चालणारी जोडणी, आणि बटणं. बटणांबद्दल वाद होईल. टचस्क्रीनवर टंकणं सोपं, हे खरंच. पण पावसात, चिखलाच्या हाताने किंवा हातमोजे घालून बटणंच चालतात, आणि स्वस्तातल्या जुन्या टचस्क्रीन सावलीत अंधुक दिसतात.

रंगीत नकाशा असला तर बरा, नसला तरी डबा सापडतो. त्याचा फायदा वाटेचा: डबा सरळ रेषेत ३०० मीटरवर आहे, पण मध्ये ओढा आहे आणि पूल उजवीकडे आहे, हे नकाशाशिवाय कळत नाही. मात्र नकाशासाठी वेगळे पैसे मोजू नका. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाच्या आधारे बनवलेले, गार्मिनला चालणारे नकाशे फुकट मिळतात. डाउनलोड करून मेमरी कार्डावरच्या ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवले की काम झालं.

तीन अक्षांच्या इलेक्ट्रॉनिक होकायंत्रावर लोक बराच खर्च करतात. ते नसलेल्या यंत्राचा बाण तुम्ही चालत असतानाच बरोबर दिशा दाखवतो. थांबलात की भरकटतो. दहा पावलं चाललं की पुन्हा जागेवर येतो. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स (२०० डॉलर) आणि ३२एक्स (३०० डॉलर) यांतला मुख्य फरक हे होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक, एवढाच. डबे शोधण्यासाठी हा शंभर डॉलरचा फरक मला पटत नाही. चार डॉलरचं साधं होकायंत्र गळ्यात अडकवा.

मल्टी-बँड रिसीव्हरचं तसं नाही. दोन फ्रिक्वेन्सीवर ऐकणारं यंत्र दाट झाडीत आणि उभ्या कड्यांच्या तळाशी खरोखर चांगलं वागतं, कारण खडकावर आपटून उशिरा आलेला सिग्नल ते जास्त चांगला ओळखतं. वॉशिंग्टन-ओरेगनच्या ओल्या, उंच जंगलात राहत असाल, किंवा सह्याद्रीतल्या घळींत फिरत असाल, तर गार्मिनचं जीपीएसमॅप ६५ (सुमारे ३५० डॉलर) सेकंडहँड मिळतंय का ते पाहा. टेक्सासच्या माळावर त्याची गरज नाही.

कॅमेरा, पैसे देऊन घ्यायचे नकाशे, संगीत, हवामान यांकडे बघूही नका. रेडिओ असलेली रायनो मालिकाही सोडा. तिच्या रेडिओसाठी अमेरिकेत वेगळा परवाना लागतो.

मग घ्यायचं काय? माझी उतरंड अशी:

सगळ्यात कमी पैशात, फोन सोबत असणारच असेल तर ईट्रेक्स एसई (१५० डॉलर). स्क्रीन रंगीत नाही, नकाशा नाही, माहिती भरायला ते मुख्यतः फोनच्या अ‍ॅपवर अवलंबून आहे. पण दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १६८ तासांपर्यंत चालतं. निम्मं धरलं तरी सेलची चिंता संपली.

फोन नको, केबलने फाइल टाकायची असेल तर ईट्रेक्स २२एक्स. रंगीत स्क्रीन, ८ जीबी आतली जागा, कार्डाची खाच, पेपरलेस, सेलवर २५ तासांपर्यंत. नव्या घेणाऱ्या बहुतेकांनी इथेच थांबावं.

त्याहून कमी पैशात तेच काम हवं असेल तर सेकंडहँड ईट्रेक्स २०एक्स किंवा जीपीएसमॅप ६४. ईट्रेक्स १० स्वस्त मिळेल आणि पेपरलेसही आहे, पण त्यात कार्डाची खाच नाही आणि नकाशे चढवता येत नाहीत, हे मान्य असेल तरच.

## टप्पा ५ : सेकंडहँड यंत्र हातात घेऊन तपासा

जुन्या बाजारात नावांमुळे घोळ होतो. ‘ईट्रेक्स’ या एकाच नावाखाली गेल्या पंचवीस वर्षांत पूर्णपणे वेगळी यंत्रं आली. पहिलं पिवळं ईट्रेक्स झाडाखाली सिग्नल सोडून देतं आणि त्याला जुनी सीरियल केबल लागते. कितीही स्वस्त मिळालं तरी सोडा. त्यानंतरच्या पिढीत नावापुढे ‘एच’ असेल, म्हणजे ईट्रेक्स एच, लेजेंड एचसीएक्स, व्हिस्टा एचसीएक्स, तर रिसीव्हर संवेदनशील आहे, पण यंत्र पेपरलेस नाही. पेपरलेस हवं असेल तर ईट्रेक्स १०-२०-३० किंवा त्यापुढचं, जीपीएसमॅप ६२ किंवा त्यापुढचं, किंवा डकोटा-ओरेगन मालिका शोधा.

विकणाऱ्याला मोकळ्या मैदानात भेटा, आपले ताजे सेल आणि केबल घेऊन जा. हॉटेलात बसून जीपीएस तपासता येत नाही. मग या क्रमाने पाहा:

१. सेलचं झाकण उघडा. पत्र्यांवर हिरवी-पांढरी पूड असेल तर आत सेल गळलेला आहे. थोडी असेल तर घासून निघते; स्प्रिंगच्या मुळाशी असेल तर परत द्या.
२. रबरी कडा आणि यूएसबीवरचं झाकण ओढून बघा. इथून सुटलं की पाणी आत गेलंच.
३. काचेच्या आतून बाष्प दिसतंय का ते उजेडात तिरकं धरून पाहा.
४. प्रत्येक बटण दहा वेळा दाबा. ईट्रेक्सची छोटी दांडी चारही बाजूंना आणि आत दाबून बघा. सगळ्यात आधी तीच झिजते.
५. मैदानात १५ मिनिटं चालू ठेवा. बरेच दिवस बंद असलेल्या किंवा दूरवरून आणलेल्या यंत्राला उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरवायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. दोन मिनिटांत जागा दाखवली नाही म्हणून बिघडलं म्हणू नका, आणि वीस मिनिटांनीही नाही दाखवली तर घेऊ नका.
६. तारीख वाचा. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तसं ६ एप्रिल २०१९ ला झालं. तेव्हापासून काही जुनी यंत्रं सुमारे वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर असते, पण सापडल्याची नोंद आणि सूर्यास्ताची वेळ चुकते. भाव पाडायला हे चांगलं कारण आहे, नकार द्यायला नाही.
७. केबल लावा, ड्राइव्ह दिसला की एक जीपीएक्स फाइल टाका, केबल काढा, डबा यादीत दिसतोय का ते बघा.
८. चालू होताना मालकाचं नाव येतं का पाहा. विकणाऱ्याचं नसेल तर प्रश्न विचारा.

भारतात यंत्र आणणाऱ्यांसाठी सावधगिरी: दिवाळीत येणाऱ्या भाच्याला ‘तिकडून एखादा गार्मिन घेऊन ये’ एवढाच निरोप धाडू नका. मॉडेलचं पूर्ण नाव लिहून द्या. ज्यांच्या आकड्यापुढे ‘आय’ आहे, जसं जीपीएसमॅप ६६आय, ६७आय किंवा मोंटाना ७००आय, त्यांत इनरीच हे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असतं. अशी यंत्रं परवानगीशिवाय भारतात आणायला मनाई आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एक परदेशी प्रवासी याच कारणाने अडकली होती. फक्त ऐकणारा, म्हणजे निव्वळ जीपीएस रिसीव्हर, वेगळा. तो भारतातल्या दुकानांतही उघड मिळतो.

## टप्पा ६ : पहिल्या फेरीआधी घरी बसून मांडणी

यातलं काहीही डोंगरावर करायला ठेवू नका.

आधी संगणकाला जोडून यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, ताजे सेल घालून. अर्ध्यात वीज गेली तर यंत्र अडकू शकतं. त्यानंतर सेटअपमध्ये सेलचा प्रकार निवडा. रिचार्जेबल सेल घालून ‘अल्कलाइन’ ठेवलं तर सेलचं चिन्ह खोटं बोलतं. अर्धे भरलेले असताना ‘संपले’ म्हणतं.

मग अक्षांश-रेखांशाची पद्धत. डब्यांची जागा अंश आणि दशांश मिनिटांत दिलेली असते, यंत्रात ती ‘एच डीडीडी° एमएम.एमएमएम′’ अशी दिसते. सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. उदाहरण घ्या: उत्तर १८° ३१.५००′. हे कुणी दशांश अंश समजून १८.३१५ असं टंकलं तर? खरी किंमत १८.५२५ आहे, कारण ३१.५ भागिले ६० म्हणजे ०.५२५. फरक ०.२१ अंश, म्हणजे जमिनीवर तब्बल २३ किलोमीटर. एवढी मोठी चूक लगेच लक्षात तरी येते. लबाड चूक दुसरी: ३१.२५०′ हे ३१ मिनिटं २५ सेकंद समजून भरणं. खरे सेकंद १५ आहेत. फरक सुमारे ३०० मीटर. माणूस चुकीच्या झाडाखाली तासभर उकिडवा बसतो आणि डबा हरवल्याची नोंद करतो.

मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक अंक म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १.८५ मीटर. म्हणून टंकताना शेवटचा अंकही गाळू नका.

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार, ‘डब्ल्यूजीएस ८४’ ठेवा. कुणी ट्रेकरने जुन्या टोपोशीटसाठी (सर्वेक्षण खात्याच्या नकाशासाठी) भारतीय डेटम लावून ठेवलेलं यंत्र तुम्हाला विकलं असेल तर जागा चांगलीच सरकलेली दिसेल, आणि कारण कळणार नाही.

मार्ग दाखवण्याची पद्धत ‘डायरेक्ट’ किंवा ‘ऑफ रोड’ करा, आणि ‘लॉक ऑन रोड’ बंद. नाहीतर यंत्र तुम्हाला डब्याजवळच्या रस्त्यावरच चिकटवून ठेवतं आणि २०० मीटर आत जंगलात जायचं असतं तेव्हा गप्प बसतं.

उत्तर दिशा ‘ट्रू’ वर ठेवा. काही डब्यांत ‘इथून २०० मीटर, अमुक अंशावर’ असं कोडं असतं. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत महाराष्ट्रात जेमतेम एखाद्या अंशाचा फरक पडतो, म्हणून कुणाला जाणवत नाही. सिएटलच्या परिसरात तो सुमारे १५ अंश आहे; तिथे २०० मीटरवर तुम्ही पन्नासेक मीटर बाजूला जाल. कोड्यात चुंबकीय म्हटलं असेल तर तेवढ्यापुरतं बदला.

उपग्रहांत जीपीएस आणि ग्लोनास (रशियाची तशीच यंत्रणा) दोन्ही चालू करा, आणि अमेरिकेत-युरोपात ‘वास/एग्नॉस’ हे चूक सुधारणारे सिग्नलही. सेल थोडे लवकर संपतील, झाडीत जागा लवकर सापडेल. शेवटी होकायंत्राच्या पानावर तीन आकडे दिसतील असं करा: डब्याचं अंतर, दिशा आणि सध्याची अचूकता. बाकीची सजावट काढून टाका.

तपासा: यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि पद्धत, डेटम व सेलचा प्रकार तसाच आहे का पाहा.

## टप्पा ७ : डब्याआधी यंत्राची परीक्षा

नवं असो की जुनं, पहिल्यांदा मोकळ्या जागी १५ मिनिटं ठेवा. खिडकीत ठेवून उपयोग नाही.

मैदानावरचा एखादा ओळखू येणारा कोपरा निवडा, तिथे जागेची नोंद करा, यंत्र बंद करा. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्या नोंदीकडे ‘जा’ सांगा. यंत्र कोपऱ्यापासून प्रत्येक वेळी पाच-सहा मीटरच्या आत आणत असेल तर ते उत्तम आहे. एकदा पूर्वेला, एकदा दक्षिणेला असा फरक पडणारच. तो दोष नव्हे. दर वेळी त्याच बाजूला पंचवीस-तीस मीटर चुकत असेल तर मूळ नोंदच चुकलेली असू शकते; ती नव्याने करून पुन्हा तपासा. डेटमची चूक मात्र या चाचणीत दिसत नाही.

अमेरिकेत असाल तर नॅशनल जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी संस्थेच्या जमिनीत बसवलेल्या खुणांवर जाऊनही पडताळता येतं. पण खुणेच्या माहितीपत्रात जागेपुढे ‘अ‍ॅडजस्टेड’ लिहिलेलं असेल तीच निवडा. ‘स्केल्ड’ लिहिलेली जागा नकाशावरून मोजलेली असते. तिच्यात सहा सेकंदांपर्यंत, म्हणजे सुमारे १८० मीटरचा फरक असू शकतो. तिच्यावरून यंत्राला नापास करू नका.

यंत्र कसं धरायचं तेही इथेच हाताला लावून घ्या. ईट्रेक्स आडवं, स्क्रीन आकाशाकडे करून धरायचं, कारण त्याचा अँटेना चपटा आहे. जीपीएसमॅप ६२, ६४, ६५ यांच्या डोक्यावर जाड दांडका असतो. ती उभी धरायची. खिशात उलटं कोंबलेलं यंत्र मागच्या वळणावरची जागा दाखवत राहतं.

इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असेल तर सेल बदलले की दर वेळी ते जुळवून घ्या, आणि फोनच्या चुंबकी कव्हरपासून लांब धरा.

## टप्पा ८ : शेवटचे पंधरा मीटर

गाडीतून उतरल्यावर यंत्र चालू करा आणि बूट बांधेपर्यंत त्याला आकाश बघू द्या. गाडी उभी केली तिथली जागा नोंदवा. डबा नाही सापडला तरी गाडी सापडली पाहिजे.

बाणाच्या मागे सरळ रेषेत घुसू नका. डब्याच्या पानावर वाटेचं सुरुवातीचं ठिकाण दिलेलं असेल तर तिथून निघा. वाट आधी लांब जाते आणि मग वळते, हे डोंगरात नेहमीचं.

अंतर १५ ते २० मीटर उरलं की थांबा. मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या. मग सावकाश पुढे जा, आणि बाण जिथे बोट दाखवतो ती जागा मनात धरा. बाजूला वीस पावलं जाऊन दुसऱ्या दिशेने पुन्हा या. दोन-तीन दिशांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या पाच-सहा मीटरच्या वर्तुळात डबा असतो. इथे यंत्र खिशात टाका. ‘० मीटर’ दिसेपर्यंत फेऱ्या मारणारे सगळ्यात जास्त वेळ घालवतात. तो आकडा प्रत्येक सेकंदाला हलणारच.

आता डोळे वापरा. कारण नसताना रचलेले दगड, झाडाच्या ढोलीपुढची नीट मांडलेली काटकी, खांबाच्या तळाशी थोडं वर उचललेलं झाकण. खणू नका. डबे पुरायचे नाहीत असा खेळाचाच नियम आहे, आणि किल्ल्यावर किंवा संरक्षित जागी तुमचं खणणं थेट गुन्हा ठरू शकतं. भिंतीचा दगडही हलवू नका.

अर्ध्या तासात हाती लागला नाही तर जीपीएक्समधल्या शेवटच्या नोंदी वाचा. ओळीने तीन-चार जणांना सापडला नसेल तर डबाच गेला असण्याची शक्यता जास्त. ‘सापडला नाही’ अशी खरी नोंद करून पुढच्याकडे निघा.

घरी आल्यावर यंत्र पुसा, यूएसबीचं झाकण उघडून रात्रभर वाळू द्या. पुढची फेरी महिन्याच्या पलीकडे असेल तर सेल काढून ठेवा. हंगामभर वापरून झाल्यावर पैसे वाढवावेसे वाटले तर टप्पा १ ची यादी पुन्हा काढा. ‘झाडीत जागा भरकटते’ ही तक्रार वर असेल तर मल्टी-बँडकडे जा. ‘टंकून कंटाळलो’ असेल तर नव्या यंत्राआधी वर्गणी भरा. आणि ‘सेल पुरत नाहीत’ एवढीच तक्रार असेल तर सेलची आणखी एक जोडी घ्या, यंत्र तेच ठेवा.